किल्ल्यांचा जुडगा : होस्टिंग पॅनेलचा इतिहास आणि एका सर्व्हरची निवड

युनिक्स प्रणालीच्या प्रत्येक यंत्रावर 'रूट' नावाचा एक वापरकर्ता असतो. बाकीच्यांना जे नियम लागू असतात त्यांतला जवळजवळ एकही त्याला लागू नसतो. कोणाचीही फाइल तो वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. जुन्या वाड्यात कारभाऱ्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे आणि तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाडा. रूट म्हणजे तो जुडगा.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्सच्या कामाला लागले, तेव्हा एका यंत्रावर अनेकांनी बसायचे हे गृहीतच होते. त्यातून एक अडचण लवकरच उभी राहिली. साध्या माणसालाही कधीतरी तिजोरीतले काम पडते. स्वतःचा पासवर्ड बदलायचा, तर पासवर्डांची फाइल रूटच्या मालकीची. मग त्या एका कामासाठी प्रत्येकाला जुडगा द्यायचा का? रिचींनी काढलेली तोड फार सुंदर होती. प्रोग्रामवरच एक खूण करून ठेवायची. ती खूण असलेला प्रोग्राम कोणीही चालवो, चालत असेपर्यंत त्याला त्याच्या मालकाचे अधिकार मिळतात. 'सेट-यूआयडी' या नावाने ही युक्ती ओळखली जाते. १९७३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला, जानेवारी १९७९ मध्ये ४१,३५,२४० क्रमांकाचे अमेरिकन पेटंट मिळाले आणि पुढे ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. जुडगा माणसाच्या हाती न देता एका चाकराच्या हाती द्यायचा आणि चाकराला एकच काम शिकवायचे, असा हा व्यवहार. चाकराने सांगितलेल्या कामापलीकडे काही केले नाही, तर सगळे सुरळीत चालते.

संकेतस्थळे सांभाळण्यासाठी जी 'होस्टिंग पॅनेल' आज जगभर वापरली जातात, ती या चाकराचीच वाढलेली रूपे आहेत. फरक इतकाच, की रिचींचा चाकर वाड्याच्या आत उभा होता आणि त्याला एकच काम येत होते. पॅनेलला शेकडो कामे येतात आणि ते उभे असते थेट रस्त्यावर, साऱ्या जगाला दिसेल असे. या लेखाचा विषय त्या अंतराचा आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले असते तो सर्व्हर. त्यावर नवे संकेतस्थळ सुरू करायचे, ईमेलचे खाते उघडायचे, डेटाबेस बनवायचा, बॅकअप घ्यायचा, तर मुळात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. पॅनेल ही सगळी कामे ब्राउझरमधल्या पानावर बटणांच्या रूपात मांडते. तुम्ही बटण दाबता, आणि मागे रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम ती आज्ञा पार पाडतो.

१९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक दीर्घ निबंध लिहिला. सुरक्षित यंत्रणा कशी आखावी याची आठ तत्त्वे त्यात आहेत. यंत्रणा शक्य तितकी लहान आणि साधी असावी, हे एक. प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे दुसरे. प्रत्येक वेळी, प्रत्येक मागणीवर परवानगी तपासावी, हे तिसरे. पन्नास वर्षे झाली तरी या क्षेत्रात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पॅनेल हे जन्मतःच यांतल्या पहिल्या दोघांच्या विरुद्ध जाणारे आहे. ते मोठे असते आणि त्याच्या कामापुरते अधिकार म्हणजे जवळजवळ सगळेच अधिकार. मग ते जन्माला आले तरी का?

*

वेब १९९१ मध्ये सर्नच्या बाहेर आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी मोफत जाहीर केले. पुढच्या चार वर्षांत जे घडले त्याचा वेग आज विसरला गेला आहे. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच वर्षी अपाची हा वेब सर्व्हर आकाराला आला. फिनलंडमधल्या तातू इलोनेन यांनी, विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकतो आहे हे कळल्यावर, एसएसएच लिहिले तेही १९९५ सालीच. तोवर दूरच्या यंत्रावर जायचे म्हणजे पासवर्ड उघड्यावर ओरडून सांगण्यासारखे होते.

सुरुवातीला प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती मानक म्हणून प्रसिद्ध झाली आणि ब्राउझरने आपल्याला कोणते संकेतस्थळ हवे ते नावानिशी सांगायचे, असे ठरले. एका पत्त्यावर, एका यंत्रावर शेकडो संकेतस्थळे बसू लागली. ही चाळ होती. भिंती पातळ, नळ सामाईक, भाडे मात्र परवडणारे. चाळ बांधणाऱ्याला भाडेकरू हवे होते, पण प्रत्येक भाडेकरू रोज फोन करून 'माझे ईमेल उघडून द्या' म्हणू लागला, तर धंदा बुडणार. एका माणसाच्या महिन्याच्या भाड्याहून त्याच्या एका फोनचा खर्च जास्त. भाडेकरूने आपली कामे आपण करावीत, ही पॅनेलमागची खरी प्रेरणा आहे. सुरक्षिततेचा विचार त्यात नंतर आला.

जॉन निक कोस्टन या तरुणाने १९९६ मध्ये 'स्पीड होस्टिंग' नावाच्या, आता अस्तित्वात नसलेल्या, कंपनीसाठी पर्ल भाषेत जे पॅनेल लिहिले ते सीपॅनेल. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेमी कॅमरून यांनी वेबमिन काढले, तेही पर्लमध्ये आणि विनामूल्य. १९९८ मध्ये कोबाल्ट कंपनीने 'रॅक' या नावाने पावणेदोन इंच उंचीचा एक सर्व्हर बाजारात आणला, त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून चाले. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली सुमारे २०० कोटी डॉलरच्या शेअरना ही कंपनी घेतली आणि काही वर्षांत ती गुंडाळून टाकली. पुढे प्लेस्क आले, २००३ मध्ये कॅनडातले डायरेक्टअॅडमिन आले. पण धंद्याच्या भाषेत 'सीपॅनेल आहे का?' हा प्रश्न 'होस्टिंग चांगले आहे का?' या प्रश्नाचा पर्याय बनला होता.

याचा आपल्याकडच्या छोट्या व्यावसायिकांना फार मोठा उपयोग झाला, हे नोंदवले पाहिजे. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या डायरेक्टी समूहाची 'रिसेलरक्लब' ही सेवा म्हणजे होस्टिंगचा घाऊक बाजार होता. (२०१३-१४ मध्ये समूहाचा हा व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला.) अशा घाऊक बाजारातून थोडी जागा घ्यायची, तिचे तुकडे पाडायचे आणि कॉलेजे, पतसंस्था, देवस्थाने, साखर कारखाने यांना संकेतस्थळे बनवून द्यायची, हा धंदा तालुक्याच्या गावी बसलेल्या मुलांनी केला. त्यांतल्या बहुतेकांनी काळा पडदा कधी पाहिला नव्हता. जुने युनिक्सवाले पॅनेलला नाके मुरडतात तेव्हा मला ती मुले आठवतात. पॅनेल नसते तर त्या गावांची संकेतस्थळे अधिक सुरक्षित झाली नसती, ती झालीच नसती.

*

चाळीच्या भिंती जाड करण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले होते. अपाचीच्या १.२ आवृत्तीत 'सू-एक्झेक' आले, प्रत्येकाचा प्रोग्राम त्याच्या त्याच्या नावाने चालावा म्हणून. पीएचपी भाषेने 'सेफ मोड' आणला. भिंतीचे काम भाषेच्या पातळीवर करणे मुळातच चुकीचे, हे त्या भाषेच्या कर्त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तिकेत लिहून ठेवले होते आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत तो काढून टाकला. सर्वांत विचारपूर्वक झालेले काम फ्रीबीएसडीतले. पूल-हेनिंग कँप यांनी 'जेल' ही रचना एका होस्टिंग व्यावसायिकाच्या गरजेतून केली आणि मार्च २००० च्या ४.० आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. प्रत्येक भाडेकरूला स्वतःचा रूट द्यायचा, पण तो रूट खोलीपुरताच, अशी ती कल्पना. आजचे कंटेनर तिच्याच वंशातले. लिनक्सच्या जगात चाळीतल्या भाडेकरूंना असे वेगळे पाडण्याचा धंदा २०१० पासून क्लाउडलिनक्सने केला.

पण या सगळ्या भिंती भाडेकरू आणि भाडेकरू यांच्यामधल्या. कारभारी स्वतः भिंतीच्या पलीकडे उभा असतो. सप्टेंबर २००६ मध्ये हे ठळकपणे दिसले. सीपॅनेलमधली तोवर अज्ञात असलेली एक त्रुटी वापरून हल्लेखोरांनी होस्टगेटर कंपनीच्या सर्व्हरांवर रूटचा अधिकार मिळवला आणि तिथल्या संकेतस्थळांवर येणाऱ्या वाचकांना, त्यांच्या ब्राउझरमधल्या दुसऱ्याच एका भोकातून विषाणू देणाऱ्या पानांकडे वळवले. ही त्रुटी वापरायला सर्व्हरवर एक साधे खाते असणे पुरेसे होते. म्हणजे चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची, की अख्खी चाळ आपली.

*

२००९ च्या जूनची घटना मला या इतिहासातली सर्वांत जड वाटते. बेंगळुरूच्या एलएक्सलॅब्ज या छोट्या कंपनीची दोन उत्पादने जगभर लोकप्रिय होती. एक क्लोक्सो, म्हणजे सीपॅनेलसारखेच पण स्वस्त पॅनेल. दुसरे हायपरव्हीएम. ते एक पायरी वरचे होते. एका यंत्रावरच्या अनेक आभासी सर्व्हरांचा, आणि अशा अनेक यंत्रांचा, कारभार एका जागेवरून करणारे. जुडग्यांचा जुडगा म्हणा. भारतात लिहिलेले, पाश्चात्त्य कंपन्या रोज वापरतात असे हे सॉफ्टवेअर तेव्हा तरी दुर्मीळच होते.

त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात क्लोक्सोमधल्या सुमारे दोन डझन त्रुटींची यादी इंटरनेटवर जाहीर झाली. ७ जूनच्या सुमारास ब्रिटनमधल्या व्हीएसर्व्ह या हायपरव्हीएम वापरणाऱ्या कंपनीच्या यंत्रांमध्ये हल्लेखोर शिरले आणि त्यांनी सरसकट पुसून टाकण्याच्या आज्ञा दिल्या. सुमारे १ लाख संकेतस्थळांची माहिती नष्ट झाल्याचे कंपनीने सांगितले. त्यांतल्या निम्म्याजवळ ग्राहकांनी बॅकअप नसलेली स्वस्त सेवा घेतलेली होती. त्यांचे काहीच परत येणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी बेंगळुरूत एलएक्सलॅब्जच्या तरुण संस्थापकाचे निधन झाल्याची बातमी आली. वर्तमानपत्रांनी दोन्ही घटना एका मथळ्यात बांधल्या. त्या माणसाच्या घरी काय दुःख होते हे त्या मथळ्यांना ठाऊक नव्हते, आणि तो संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मी तो जोडत नाही.

हल्ला नेमका कसा झाला हेही नीट ठरले नाही. कंपनीने बोट दाखवले ते हायपरव्हीएमच्या अज्ञात त्रुटीकडे. काही दिवसांत, आपण हल्लेखोर आहोत असे म्हणणाऱ्या कोणा निनावी माणसाने लिहिले, की त्रुटी वगैरे काही नव्हती, एकच पासवर्ड ठिकठिकाणी वापरलेला होता. यातले काय खरे हे ठरवण्यासाठी ज्या नोंदी लागल्या असत्या, त्या पुसल्या गेलेल्या यंत्रांवरच असणार. दोन्ही शक्यता धरून पाहिल्या तरी एक गोष्ट सारखीच राहते. पॅनेलने शेकडो यंत्रांच्या किल्ल्या एका कडीत ओवलेल्या होत्या, म्हणून एका कडीच्या चोरीने १ लाख घरे उघडली. पुढे एलएक्सलॅब्जची दोन्ही उत्पादने मुक्त परवान्याखाली आली.

*

याच्या नऊ वर्षांनंतर वेगळ्याच जातीचे प्रकरण घडले. केन थॉम्पसन यांनी ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेले आणि १९८४ साली छापून आलेले एक छोटेसे व्याख्यान आहे. मूळ संहिता कितीही स्वच्छ असली तरी ती यंत्राच्या भाषेत आणणारे साधनच विषारी असेल तर तयार होणारा प्रोग्राम विषारी निघेल, आणि संहिता वाचून ते कधीच कळणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले होते. बराच काळ हे व्याख्यान तत्त्वचिंतन म्हणून वाचले जात होते.

एप्रिल २०१८ मध्ये वेबमिनची पॅकेजे जिथे तयार होत त्या यंत्रात कोणीतरी शिरले. पासवर्ड बदलून देणाऱ्या एका फाइलीत त्याने चोरदरवाजा ठेवला आणि फाइलीवरची तारीख मागे नेऊन ठेवली, त्यामुळे जुन्या-नव्या आवृत्त्यांच्या तुलनेत बदल दिसलाच नाही. गिटहबवर ठेवलेली संहिता स्वच्छच होती. लोक जे उतरवून घेत होते ते पॅकेज विषारी होते. १.८९० ही आवृत्ती अशी बाहेर पडली. नंतर ती फाइल मूळ संहितेवरून पुन्हा घेतली गेली, तेव्हा जुलैत हल्लेखोराने पुन्हा बदल केला, आणि या वेळी अधिक हुशारीने. मुदत संपलेला पासवर्ड बदलण्याची सोय चालू असेल तरच चोरदरवाजा उघडेल, अशी त्याने व्यवस्था केली. सप्टेंबरमध्ये ते जुने यंत्र मोडीत निघाले, नवे आले, आणि बॅकअपमधून कामाची सगळी फडताळे नव्या यंत्रावर आणली गेली. विष त्यांच्याबरोबरच आले. ऑगस्ट २०१९ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत एका तुर्की संशोधकाने ही त्रुटी जाहीर केली, तेव्हा विकासकांना तिची आगाऊ कल्पनाही नव्हती. आणि ज्या प्रोग्रामरच्या चुकीमुळे ती आली असे सगळे समजत होते तो अस्तित्वातच नव्हता.

हा सगळा तपशील आपल्याला ठाऊक आहे तो वेबमिनच्या कर्त्यांनी स्वतः लिहिलेल्या निवेदनामुळे. बॅकअपमधून विष परत आले, ही गोष्ट त्यांनी लपवली असती तर कोणाला कळली नसती. माझा वेबमिनवरचा विश्वास ते वाचून वाढला. २०१८ मध्येच व्हेस्टा या लोकप्रिय मोफत पॅनेलवरही दोन आघात झाले. एप्रिलमध्ये अज्ञात त्रुटीतून अनेक सर्व्हर हल्ल्यांसाठी जुंपले गेले. मग इसेट या स्लोव्हाक कंपनीने ऑक्टोबरमध्ये दाखवून दिले, की मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत व्हेस्टा बसवून देणारी लिपीच नव्या सर्व्हरचा पासवर्ड बाहेर पाठवत होती. कुठे पाठवत होती? व्हेस्टाच्याच संकेतस्थळाकडे. म्हणजे ते संकेतस्थळही हल्लेखोराच्या हाती असावे.

अलीकडची दोन प्रकरणे थोडक्यात सांगतो, कारण त्यांत नवे काही नाही, फक्त प्रमाण मोठे आहे. जानेवारी २०२३ मध्ये 'कंट्रोल वेब पॅनेल'वर हल्ले सुरू झाले. चुकीच्या लॉगिनची नोंद करताना ते पॅनेल आलेला मजकूर दुहेरी अवतरणात घालून थेट आज्ञा म्हणून चालवत असे, आणि दुहेरी अवतरणातली आज्ञा युनिक्सचे शेल इमानेइतबारे पार पाडते. चोर आल्याची नोंद करणारी वहीच चोराला दार उघडून देत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेल या पॅनेलची पाळी आली. त्यात घातक मजकूर गाळणारी चाळणी फक्त एका प्रकारच्या मागणीला लावलेली होती आणि एका कार्याच्या आधी लॉगिन तपासायचेच राहून गेले होते. २१ हजारांहून अधिक सर्व्हर उघडे होते. 'पीसॉक्स' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने त्यांवर धाड घातली आणि एका रात्रीत इंटरनेटवर दिसणाऱ्या सायबरपॅनेलांची संख्या काहीशेवर आली. प्रत्येक मागणीवर परवानगी तपासावी, हे १९७५ चे तिसरे तत्त्व.

*

दुसरीकडे, पॅनेल नको म्हणणारी एक परंपरा शांतपणे चालू होती. १९९५ मध्ये थिओ द राट यांनी कॅनडातल्या कॅलगरीहून ओपनबीएसडी सुरू केले. जे लागत नाही ते सुरुवातीपासून बंद, हा तिथला शिरस्ता. आज जगभर वापरले जाणारे ओपनएसएसएच त्याच घरात १९९९ मध्ये तयार झाले आणि नील्स प्रोव्होस यांनी त्याचे दोन भाग केले. बाहेरच्या जगाशी बोलणारा भाग अधिकारहीन, अधिकार असलेला भाग लहान आणि आत. रिचींच्या चाकराला पुन्हा वाड्यात नेऊन उभे केल्यासारखे ते होते. १९९३ मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिले. सर्व्हर कसा असावा हे मजकुराच्या फाइलीत लिहायचे आणि यंत्राने स्वतःला तसे करून घ्यायचे, ही तिथली रीत. पपेट आणि अॅन्सिबल हे तिचे वारस.

आणि पॅनेलची जी एक बाजू खरोखर लागायची ती २०१५ च्या डिसेंबरपासून ढासळली. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विकत घेणे, बसवणे, नूतनीकरण करणे ही कटकट इतकी होती की त्या एका बटणासाठी लोक पॅनेल घेत. लेट्स एन्क्रिप्टने ते फुकट आणि आपोआप केले. २०१८ मध्ये सीपॅनेल एका गुंतवणूकदार गटाकडे गेले, ज्याच्याकडे प्लेस्क आधीच होते. जून २०१९ मध्ये सीपॅनेलने सर्व्हरमागे एकच दर घेण्याची जुनी पद्धत सोडून खात्यांच्या संख्येवर दर लावला. त्या उन्हाळ्यात अनेक छोटे व्यावसायिक स्वस्त आणि मोफत पॅनेलांकडे वळले. पुढे ज्या मोफत पॅनेलांवर धाडी पडल्या त्यांची गर्दी वाढण्यात या दरवाढीचाही हात आहे, असे मला वाटते. हे माझे अनुमान आहे.

*

हा सगळा इतिहास मी धुंडाळला त्याचे कारण पूर्णपणे व्यावहारिक होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, नवऱ्याच्या किंवा सासरच्या मारहाणीमुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रियांना मदत करणारी एक संस्था आहे. तिच्या नोंदी कागदी वह्यांमधून संगणकावर आणायच्या होत्या. त्या नोंदींत, कोणती बाई सध्या कोणत्या गावी, कोणाकडे राहते, हे असते. असा पत्ता ज्याच्यापासून लपवायचा तो कोणी परदेशी हॅकर नव्हे. तो तालुक्यातलाच माणूस असतो, आणि त्याच्या ओळखीचा एखादा मुलगा कुठल्यातरी होस्टिंगच्या दुकानात कामाला असतो. संस्थेला एका विक्रेत्याने स्वस्तात सर्व्हर आणि वर एक मोफत पॅनेल देऊ केले होते. संस्थेच्या ताईंनी मला विचारले, "दादा, यातले कोणते घेऊ?"

तुलनेचे तक्ते अशा वेळी निरुपयोगी ठरतात. किती बटणे, किती भाषा, महिना किती रुपये, एवढेच त्यांत असते. मी वेगळे प्रश्न विचारत गेलो. पॅनेलचे दार जगाला उघडे असते की फक्त आपल्या माणसांना? आतला प्रोग्राम कोणाच्या अधिकाराने चालतो? दुरुस्ती आली की ती कोणाच्या सहीने येते आणि ती सही यंत्र तपासते का? पूर्वी भोक पडले तेव्हा कर्त्यांनी किती दिवसांत, किती स्पष्ट सांगितले? यांतल्या शेवटच्या प्रश्नाला कोणत्याही जाहिरातीत उत्तर नसते. ते इतिहासातच शोधावे लागते.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने काढलेल्या आदेशांमुळे आणखी एक बाजू पुढे आली. सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, असे ते आदेश सांगतात. पॅनेल या नोंदी सहसा त्याच यंत्रावर ठेवते. ज्याच्या हाती जुडगा पडेल त्याच्याच हाती ती वहीही पडते. २००९ चे कोडे सुटले नाही ते यामुळेच.

शेवटी आम्ही एक सर्व्हर घेण्याऐवजी दोन घेतले. संस्थेचे उघडे संकेतस्थळ, म्हणजे फोन क्रमांक, कार्यालयाचा पत्ता, कायद्याची माहिती, हे साध्या सामाईक होस्टिंगवर, सीपॅनेलसह. तिथे लपवायचे काही नाही, आणि मजकूर बदलायला कार्यकर्त्यांना बटणेच हवीत. नोंदींचे यंत्र वेगळे, त्यावर ओपनबीएसडी, आणि पॅनेल नाही. वायरगार्डच्या बोगद्यातून, ठरलेल्या चार लॅपटॉपांवरूनच तिथे पोहोचता येते. बाकी जगाला त्यावर कोणतेही दार दिसत नाही. यंत्राच्या नोंदी तिसऱ्या एका ठिकाणी जातात, बॅकअप कुलूपबंद करून दुसऱ्या गावी.

ताईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो दादा, पण उद्या तुम्ही नसलात तर हे कोण बघणार?" पॅनेलच्या बाजूने करता येण्यासारखा हा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे, आणि त्याला माझ्याकडे चलाख उत्तर नव्हते. न सांभाळलेल्या, पॅनेल नसलेल्या सर्व्हरपेक्षा नीट सांभाळलेले पॅनेल केव्हाही बरे. ते बोगद्याच्या आत ठेवले, बाहेरून दिसेनासे केले, तर वर सांगितलेल्या हल्ल्यांपैकी कंट्रोल वेब पॅनेलवरचा आणि सायबरपॅनेलवरचा, असे दोन्ही तिथपर्यंत पोहोचलेच नसते. वेबमिनचे विष मात्र बोगद्यातूनही आले असते, कारण ते आपणच आपल्या हाताने आणून बसवतो. मी ताईंसमोर हा पर्यायही ठेवला होता. त्यांनी पॅनेल नसलेला निवडला तो एका अटीवर. संस्थेतल्या एका मुलीला हे शिकवायचे आणि सगळे मराठीत लिहून द्यायचे.

ती मुलगी बी. कॉम. झालेली, हिशेब बघणारी. ओपनबीएसडीवर दुरुस्त्या बसवण्याची आज्ञा एकच आहे, ती तिला पहिल्याच दिवशी जमली. आज्ञा टाइप करण्यापूर्वी ती ती मोठ्याने वाचते, ही सवय मी तिला लावलेली नाही. दोनशे पानी वहीत आम्ही एकेक काम एकेका पानावर लिहिले. कोणता लॅपटॉप हरवला तर कोणती किल्ली रद्द करायची, बॅकअप खरेच उघडतो का हे दर महिन्याला कसे पाहायचे, संशय आला तर सहा तासांत कोणाला कळवायचे. अडचण उरते ती आवृत्त्यांची. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या मिळतात त्या शेवटच्या दोन आवृत्त्यांनाच. वर्षभर हात लावला नाही तर यंत्र उघडे पडू लागते. एक आवृत्ती उन्हाळ्याच्या सुमाराला येते, दुसरी दिवाळीच्या आगेमागे. संस्थेच्या कार्यालयातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिने दोन्ही महिन्यांत लाल पेनाने गोल केले आहेत, आणि या दिवाळीचा गोल वसुबारसेच्या चौकटीत पडला म्हणून तो दोन दिवस अलीकडे ओढला आहे.